भिंती जुन्या, हवा नवी

चिप म्हटली की डोळ्यांसमोर शेकडो एकरांवर पसरलेला, हजारो कोटींचा कारखाना उभा राहतो. या उद्योगातल्या काही मोठ्या सुरुवाती मात्र भाड्याच्या जागेत झाल्या. १९५७ साली आठ तरुण शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावात फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली, ती ईस्ट चार्ल्सटन रोडवर भाड्याने घेतलेल्या एका साध्या इमारतीत. तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, तैवानात टीएसएमसी सुरू झाली. आज जगातली सर्वांत पुढारलेली चिप-निर्माती म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिचा पहिला कारखाना म्हणजे तिथल्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेकडून भाडेपट्ट्याने घेतलेली तयार जागा होती.

जुन्या जागेचा प्रश्न आपल्यालाही जवळचा आहे. नागपुरात १९६० साली विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेच आजचे व्हीएनआयटी. त्या काळात विदर्भातल्या शिक्षणसंस्थांच्या आवारांत भक्कम, रुंद व्हरांड्यांच्या, जाड भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या कार्यशाळा आणि प्रयोगशाळा ज्या यंत्रांसाठी बांधल्या गेल्या, ती यंत्रे आता कालबाह्य झाली आहेत. अशी एखादी इमारत घेऊन तिच्यात अर्धवाहक संशोधनाची क्लीनरूम, म्हणजे हवेतली धूळ गाळून काढलेली प्रयोगशाळा, करता येईल का? या प्रकरणात मी हा प्रश्न नागपूरच्या हवेत, मातीत आणि पावसात ठेवून सोडवणार आहे. हा कुठल्या एका संस्थेचा आराखडा नाही, उदाहरण म्हणून मांडलेले गणित आहे. उत्तर आधीच सांगतो: करता येते. पण पैसा आणि विचार आधी हवेवर खर्च करावा लागतो, यंत्रांची पाळी नंतर येते. अनेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो आणि महागडी यंत्रे वर्षानुवर्षे लाकडी खोक्यांत पडून राहतात.

फेअरचाइल्डचीच गोष्ट थोडी पुढे नेतो, कारण धूळ काय करते हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. कंपनीचे पहिले ट्रान्झिस्टर १९५८ मध्ये बाजारात आले आणि काही महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. चालू ट्रान्झिस्टरवर पेन्सिलच्या मागच्या रबराने टकटक केली की काही नग मध्येच बंद पडत. धातूच्या डबीत मागे राहिलेला एखादा सूक्ष्म कण सुटून ट्रान्झिस्टरच्या उघड्या जोडावर बसे आणि शॉर्ट सर्किट होई. हेच ट्रान्झिस्टर क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शन यंत्रणेत जाणार होते, त्यामुळे दोष सहन होण्यासारखा नव्हता. जाँ होर्नी या स्विस शास्त्रज्ञाने सुचवले की सिलिकॉनवर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा थर खरवडून काढण्याऐवजी तसाच राहू द्यावा. तोवर त्या थराला मळ समजत असत. १९५९ मध्ये त्याने तसा ट्रान्झिस्टर करून दाखवला. जोड काचेसारख्या थराखाली सुरक्षित राहिला आणि याच सपाट पद्धतीवर फेअरचाइल्डमधल्याच रॉबर्ट नॉइसची एकसंध चिप उभी राहिली. म्हणजे आजच्या चिपच्या रचनेमागे धुळीच्या कणाशी झालेली एक झुंज आहे.

ऑक्साइडमुळे तयार वस्तू वाचली. ती तयार होत असताना मात्र धोका कायम राहतो. सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, फोटोरेझिस्ट नावाचा प्रकाशसंवेदी द्रव पसरतात, मास्कमधून प्रकाश टाकून नक्षी उमटवतात (हीच लिथोग्राफी) आणि मग आम्लाने किंवा प्लाझ्माने कोरतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. संशोधन प्रयोगशाळेत एक-दोन मायक्रॉनच्या रेघा रोजच्या असतात. अर्ध्या मायक्रॉनचा, डोळ्याला कधीच न दिसणारा कण अशा रेघेवर बसला तर रेघ तुटते किंवा शेजारच्या रेघेला चिकटते.

हा कण हवेतून काढण्याची खरी युक्ती सापडली १९६०च्या सुमारास. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड हा पदार्थवैज्ञानिक काम करत होता. तोवरच्या स्वच्छ खोल्या म्हणजे घट्ट बंद केलेल्या, पुन्हा पुन्हा पुसलेल्या खोल्या. त्यांत काम करणारा माणूसच धूळ सोडत राही आणि ती आत घुटमळत राही. व्हिटफील्डने खोली हवेलाच झाडायला लावली. छतभर फिल्टर बसवले, त्यांतून हवा एकसारख्या संथ वेगाने सरळ खाली सोडली आणि जमिनीतून बाहेर ओढून पुन्हा फिल्टरकडे नेली. कण सुटला की काही सेकंदांत खाली वाहून जातो. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी किरणोत्सारी धूळ अडवायला जे दाट तंतूंचे फिल्टर तयार झाले, तेच इथे कामी आले. त्यांना आपण हेपा म्हणतो, ०.३ मायक्रॉनच्या १०,००० कणांपैकी ते जास्तीत जास्त तीन पलीकडे जाऊ देतात. याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात आणि याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरताना तंतूंना चिकटतात. मधला, ०.३च्या आसपासचा कण सर्वांत निसटता, म्हणून परीक्षा त्याचीच घेतात.

स्वच्छतेची मोजपट्टी १९६३ मध्ये अमेरिकी मानकाने घालून दिली आणि १९९९पासून आयएसओ १४६४४ हे आंतरराष्ट्रीय मानक चालते. आयएसओ ७ वर्गात एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन आणि त्याहून मोठे असे ३,५२,००० कण चालतात, आयएसओ ६ मध्ये ३५,२०० आणि आयएसओ ५ मध्ये फक्त ३,५२०. शहरातल्या साध्या खोलीत हाच आकडा कोटींच्या घरात असतो.

आता उदाहरणाला हात घालू. समजा, १०० चौरस मीटरची क्लीनरूम करायची आहे. त्यातली २५ चौरस मीटरची लिथोग्राफीची खोली आयएसओ ५ची आणि बाकीची आयएसओ ७ची. लिथोग्राफीच्या खोलीत हवा सेकंदाला सुमारे ०.४५ मीटर वेगाने खाली यायला हवी. २५ चौरस मीटर छतातून तेवढ्या वेगाने उतरणारी हवा तासाला ४०,५०० घनमीटर होते. छत २.७ मीटर उंचीवर असेल तर त्या खोलीतली सगळी हवा तासाला ६०० वेळा बदलते. साध्या रसायनशाळेत ती तासाला दहा-बारा वेळा बदलली तरी पुरते. उरलेल्या ७५ चौरस मीटरला तासाला ६० बदल धरले तर आणखी १२,००० घनमीटर लागते. चौपट मोठ्या मजल्यावर हेच वर्ग हवे असतील तर हवाही चौपट. जुन्या इमारतीची निवड या आकड्यांवरून होते, दर्शनी भागावरून होत नाही.

पहिली अडचण उंचीची. जुन्या शैक्षणिक इमारतीत स्लॅबपासून स्लॅबपर्यंत साधारण साडेतीन मीटर मिळतात. बीम अर्धा मीटर खाली उतरतात. हाताशी राहतात तीन मीटर. त्यात खोलीची उंची २.६ मीटर, तिच्यावर पंखा आणि फिल्टर एकत्र असलेली पेटी ४० सेंटिमीटर, तिच्यावर हवा खेळायला आणखी अर्धा मीटर आणि व्हिटफील्डच्या पद्धतीची जाळीदार उंच जमीन हवी तर खाली ३० सेंटिमीटर. बेरीज ३.८ मीटर होते. बसत नाही. म्हणून जुन्या इमारतीत जाळीदार जमिनीचा मोह बहुधा सोडावा लागतो, वरची हवा बीमांच्या मधल्या पोकळीत खेळवावी लागते आणि खाली आलेली हवा भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या जाळ्यांतून परत घ्यावी लागते. खोली चार-साडेचार मीटरपेक्षा रुंद नसेल तर ही युक्ती चांगली चालते. त्याहून रुंद खोलीत मध्यभागी हवा घोटाळते. त्यामुळे मोठ्या हॉलचे अरुंद खण पाडायचे आणि दोन खणांच्या मध्ये एक गल्ली ठेवायची. खणात वेफर आणि माणसे. गल्लीत परत जाणारी हवा, पाइप, पंप आणि यंत्रांची मागची बाजू. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ गल्लीतूनच काम करतो, त्यामुळे खणाची स्वच्छता बिघडत नाही.

याच कारणाने मला जुन्या मुख्य इमारतीपेक्षा जुनी कार्यशाळा जास्त पटते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सुतारकाम, फिटिंग, ओतकामाच्या शेड पाच-सहा मीटर उंच असतात, तळमजल्यावर असतात, त्यांच्यावर दुसऱ्या मजल्याचे ओझे नसते आणि ट्रकमधून यंत्र थेट आत नेता येते. तोटाही मोठा आहे. अशा जागेच्या जमिनीत अनेक वर्षांचे तेल आणि लोखंडाचा चुरा मुरलेला असतो. सिलिकॉनला लोखंड आणि तांबे सोसत नाही. भट्टीच्या तापमानाला हे धातू सिलिकॉनमध्ये झपाट्याने शिरतात आणि विद्युतभार वाहणारे इलेक्ट्रॉन गिळतात. तिथे जुनी फरशी आणि तिच्याखालचा काही सेंटिमीटर थर कापून फेकून द्यावाच लागतो. रंग मारून भागत नाही.

दुसरी अडचण छताची. हवा हाताळणारी अवजड यंत्रे गच्चीवर ठेवावीत असे सगळ्यांना वाटते, कारण तिथे जागा रिकामी दिसते. भारतीय मानकानुसार माणसांची ये-जा असलेली गच्ची चौरस मीटरमागे साधारण १५० किलो भारासाठी बांधलेली असते. दोन टनांचे यंत्र सहा चौरस मीटरवर ठेवले की हा आकडा दुपटीच्या पुढे जातो, शिवाय त्याचा थरकाप खाली उतरतो तो वेगळाच. यंत्रे इमारतीशेजारी, स्वतंत्र पायावर ठेवणे जास्त शहाणपणाचे.

आता नागपूरची हवा. क्लीनरूममधली सगळी हवा पुन्हा पुन्हा फिरवता येत नाही. आम्लांचे आणि द्रावकांचे काम ज्या ओट्यांवर चालते, तिथली हवा बाहेरच फेकावी लागते. असे पाच ओटे धरले तर तासाला सुमारे ८,००० घनमीटर हवा जाते आणि तेवढीच ताजी हवा बाहेरून आणून, गाळून, ठरलेल्या तापमानावर आणि आर्द्रतेवर आणून सोडावी लागते. आत २१ अंश तापमान आणि ४५ टक्के आर्द्रता हवी असते आणि त्यातही चढउतार नको. सिलिकॉन तापले की अंशाला प्रत्येक मीटरमागे २.६ मायक्रॉन फुगते. १०० मिलिमीटरच्या वेफरवर एका अंशाने पाव मायक्रॉनचा फरक पडतो. क्वार्ट्झचा मास्क त्याच्या पंचमांश फुगतो, म्हणून वरची नक्षी खालच्या नक्षीवरून सरकते. आर्द्रता वाढली की फोटोरेझिस्ट वेफरला नीट धरत नाही. फार उतरली की स्थिर विद्युत साठते आणि वेफर धूळ ओढून घेतो.

नागपूर म्हटले की मे महिना आठवतो. २०१३च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. साहजिकच वाटते की इथली क्लीनरूम चालवणे म्हणजे मे महिन्याशी लढणे. गणित वेगळे सांगते. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश तापमान आणि १२ टक्के आर्द्रता असताना एक किलो कोरड्या हवेबरोबर सुमारे साडेसात ग्रॅम बाष्प असते. आपल्याला आत हव्या असलेल्या २१ अंश, ४५ टक्के हवेतही जवळपास तेवढेच, सव्वासात ग्रॅम असते. म्हणजे मे महिन्याच्या हवेतून पाणी काढायचे नाही आणि घालायचेही फारसे नाही, नुसती थंड करायची. नागपूरकर घराघरांत वाळ्याचे पडदे आणि कूलर लावून हवेत पाणी घालतात आणि गारवा मिळवतात; क्लीनरूमला ती सोय नाही, पण तिला त्याची गरजही नाही.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते. पावसाळी दिवशी २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा किलोमागे सुमारे २१ ग्रॅम बाष्प येते. त्यातले १४ ग्रॅम काढून टाकावे लागते. तासाला आत येणारी हवा वजनात साधारण ९,००० किलो भरते. म्हणजे दर तासाला सव्वाशे लिटर, दिवसाला तीन हजार लिटर पाणी हवेतून पिळून काढायचे. त्यासाठी हवा ९ अंशांच्याही खाली थंड करावी लागते आणि मग पुन्हा थोडी गरम करून आत सोडावी लागते. एसीच्या भाषेत मोजले तर या ताज्या हवेला मे महिन्यात साधारण १८-१९ टनांचे थंडावायंत्र लागते आणि जुलैत ४० टनांचे. उन्हाळ्याच्या उकाड्यावरून यंत्र निवडणारा माणूस पावसाळ्यात तोंडघशी पडतो. उलट, यंत्रणा दोन भागांत विभागली, ताज्या हवेची वेगळी आणि आतल्या आत फिरणाऱ्या हवेची वेगळी, तर नागपुरात वर्षातले सात-आठ महिने पाणी काढणारा भाग अर्ध्या ताकदीवर चालतो आणि वीज वाचते. मुंबईच्या दमट हवेत ही सवलत फारशी मिळत नाही. कोरड्या ऋतूंचा हा फायदा विदर्भाने हिशेबात धरायला हवा.

धुळीचे मात्र उलट. एप्रिल-मेमधल्या वावटळी, रस्त्यांची कामे आणि शहराच्या उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रे. राखेचे बारीक कण हेपा अडवतो, पण तो भराभर चोंदतो, आणि तो महाग आहे. म्हणून त्याच्या आधी स्वस्त फिल्टरांच्या दोन पायऱ्या ठेवतात आणि त्या वारंवार बदलतात. वायुरूपातल्या गंधकाच्या संयुगांना हेपा अडवत नाही, त्यासाठी कोळशाचे थर लागतात. हवेत काय आहे हे जाणून घ्यायला दूर जावे लागत नाही. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८पासून याच शहरात आहे.

हवा आली की ती घुसखोरीपासून जपायची. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा १०-१५ पास्कल जास्त ठेवतात, म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाते. जुन्या विटांच्या भिंती या दाबाला पुरत नाहीत. त्यांना केसासारख्या चिरा असतात, चुन्याचा गिलावा भुकटी सोडतो, चौकटींत वाळवी असते, झडपांवर पारव्यांची घरटी असतात. जुन्या भिंतीला क्लीनरूमची भिंत करण्याचा हट्ट धरू नये. तिचे काम ऊन आणि पाऊस अडवण्याचे. आत, मोठ्या डब्यात छोटा डबा ठेवावा तशी, पत्र्याच्या पॅनेलची स्वतंत्र खोली उभी करावी. सांधे सिलिकोनने बंद, कोपरे गोल, जमिनीवर स्थिर विद्युत वाहून नेणारे अखंड विनाइल. लिथोग्राफीच्या खोलीत निळा आणि अतिनील प्रकाश चालत नाही, फोटोरेझिस्ट त्याने खराब होतो, म्हणून तिथले दिवे पिवळे. जुन्या इमारतीच्या मोठ्या सुंदर खिडक्या त्या बाजूला बंद कराव्या लागतात, याचे मला वाईट वाटते. व्हरांड्याच्या बाजूला एखादी काचेची भिंत ठेवली तर बाहेरून शाळकरी मुलांना आतले काम पाहता येईल, आणि त्याला फार खर्चही येत नाही.

थरकापाकडे सगळ्यात उशिरा लक्ष जाते. माणसाला जाणवू लागणारे कंपन सेकंदाला साधारण १०० मायक्रॉन वेगाचे असते. साध्या लिथोग्राफीला ५० किंवा २५ची मर्यादा चालते. इलेक्ट्रॉन शलाकेने नक्षी काढणाऱ्या यंत्राला सव्वासहा लागते. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर वसले आहे: सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हा काळा खडक, पूर्वेकडे गेले की जुना नीस खडक लागतो. खडक उथळ असेल तर नशीब चांगले. मध्ये काळी कापशीची माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरची फरशी वर्षातून दोनदा हलते. तिथे यंत्राखालची माती काढून मुरूम घट्ट बसवावा लागतो किंवा पाया खडकापर्यंत न्यावा लागतो, आणि यंत्राचा ओटा भोवतालच्या फरशीपासून बोटभर फट ठेवून सुटा करावा लागतो. नागपूर हे देशाच्या चारही दिशांच्या रेल्वेगाड्यांचे जंक्शन आहे, त्यात आता मेट्रोची भर पडली आहे. आराखडा काढण्याआधी त्याच जागेवर पूर्ण आठवडाभर, रात्री-दिवसा कंपन मोजले पाहिजे. विजेच्या रेल्वेमार्गामुळे बदलणारे चुंबकीय क्षेत्रही त्याच वेळी मोजावे; इलेक्ट्रॉन शलाका त्याने वाकते.

पाण्याचे दोन धडे आहेत. पहिला, आत लागणारे पाणी. वेफर धुण्याच्या पाण्याची विद्युतरोधकता १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर लागते, म्हणजे त्यात क्षार जवळपास नाहीतच. पेंचचे नळाचे पाणी तिथपर्यंत न्यायला उलटे परासरण, आयन काढणारे रेझिन, अतिनील दिवे अशी साखळी लागते, आणि ते पाणी पाइपमधून सतत फिरते ठेवावे लागते. थांबले की जिवाणू वाढतात. इमारतीतल्या जुन्या लोखंडी पाइपांचा इथे काहीही उपयोग नाही. दुसरा धडा २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे मिळाला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. पंप, विजेची पॅनेल आणि रसायनांचे साठे तळघरात ठेवण्याचा विचार करणाऱ्याने ती पहाट लक्षात ठेवावी.

रसायने आणि वायू हा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल ऑक्साइड कोरते. ते कातडीतून आत जाऊन शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि सौम्य असेल तर वेदना काही तासांनी सुरू होते. म्हणून त्या ओट्याच्या शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल कायम हाताशी हवे आणि जवळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्याची आधी माहिती द्यायला हवी. सांडपाण्यातले हे आम्ल चुन्याने निष्प्रभ करतात, तेव्हा कॅल्शियम फ्लुओराइडचा गाळ तळाशी बसतो. सिलेन वायू हवेशी गाठ पडताच पेटतो, फॉस्फिन आणि आर्सिन थोड्या प्रमाणातही प्राणघातक आहेत. त्यांची सिलिंडरे इमारतीच्या बाहेर, वेगळ्या बंदिस्त खोलीत, दुहेरी नळ्या आणि गळती-शोधकांसह ठेवावी लागतात. जुन्या इमारतीत ही जागा नंतर शोधायची म्हटली तर बहुतेक वेळा सापडत नाही. जिना, झाड किंवा वर्गाची खिडकी आड येते. इथे नागपूरचे भाग्य असे, की वायुसिलिंडर आणि स्फोटकांवर देखरेख करणारी देशाची संस्था, पेसो, हिचे मुख्यालय याच शहरात आहे आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही. परवान्याच्या शेवटच्या टप्प्यावर त्यांच्याकडे जाण्याऐवजी पहिल्या रेखाटनाच्या वेळीच त्यांचा सल्ला घेता येईल.

बांधकामाची शिस्त ही वेगळीच कला आहे. आधी तोडफोड आणि गिलावा, मग धुणे, मग पॅनेल, मग पुन्हा पुसणे, मग फिल्टर. प्रत्येक टप्प्यानंतर नियम कडक होत जातात. एकदा फिल्टर बसले की आत सिमेंट कापायचे नाही, पुठ्ठ्याचा खोका न्यायचा नाही, पेन्सिल आणि साधा कागद न्यायचा नाही. गवंडी, सुतार, वायरमन या सगळ्यांना कारण समजावून सांगितले तर ते नियम मनापासून पाळतात. नुसती पाटी लावली तर पाळत नाहीत. विदर्भात तंबाखूचा खर्रा तोंडात असलेला कामगार ही रोजची गोष्ट आहे. तंबाखूत आणि थुंकीत सोडियम आणि पोटॅशियम असते, आणि सोडियमचे आयन ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइडमध्ये सरकत राहिल्याने साठच्या दशकात जगभरच्या प्रयोगशाळा हैराण झाल्या होत्या. हे कारण त्या कामगाराच्या भाषेत सांगता आले पाहिजे, आणि खर्रा खाऊन चूळ भरायला बाहेर जागा दिली पाहिजे. पुढे काम करणाऱ्यांनाही तेच लागू. स्थिर उभा माणूससुद्धा मिनिटाला लाखभर सूक्ष्म कण सोडतो, चालू लागला की अनेक पटींनी जास्त. म्हणून पायघोळ सूट, टोपी, मास्क, हातमोजे. चेहऱ्याची पावडर, काजळ, कुंकू, गजरा बाहेरच.

आता चालवण्याचा खर्च. पंखे आणि थंडावायंत्रे रात्री बंद करता येत नाहीत. थांबली की धूळ बसते आणि खोली पुन्हा धुऊन, मोजून प्रमाणित करावी लागते. सरासरी १०० किलोवॉट धरले तर वर्षाला पावणेनऊ लाख युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी वीजबिलच ८७ लाखांच्या पुढे जाते. त्यावर फिल्टर, वायू, रसायने आणि दुरुस्ती. अनुदान मिळते ते बहुधा यंत्र विकत घ्यायला. वीजबिलाला आणि तंत्रज्ञांच्या पगाराला मिळत नाही. जुनी इमारत वापरून वाचलेला पैसा या खात्यात बाजूला ठेवला नाही तर तिसऱ्या वर्षी खोली बंद पडते, आणि बंद पडलेली क्लीनरूम पुन्हा सुरू करणे नवी करण्याइतके अवघड जाते.

याचा मार्ग महाराष्ट्रातच दिसतो. २००६ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने पवईची आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी केली. २००८पासून त्यांची दारे देशभरच्या संशोधकांना उघडली गेली: लहान शहरातल्या महाविद्यालयातला शिक्षक किंवा पीएचडीचा विद्यार्थी पवईत जाऊन शिकू शकतो, स्वतःचे उपकरण तिथे घडवू शकतो. पुढे या योजनेत मद्रास, दिल्ली, खरगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटीही आल्या. पवईतल्या संशोधनातून नॅनोस्निफर हा स्फोटकांचा माग काढणारा यंत्रसंच २०२१ मध्ये बाहेर आला. त्याच्या मुळाशी सिलिकॉनवर कोरलेला संवेदक आहे.

व्हीएनआयटीत व्हीएलएसआय आणि नॅनोटेक्नॉलॉजीचे केंद्र आहे, म्हणजे या विषयाची माणसे नागपुरात आहेत. माझे मत असे की इथल्या जुन्या इमारतीत पवईची छोटी नक्कल करू नये. इलेक्ट्रॉन शलाकेने नक्षी काढण्याचे काम पवईलाच जाऊन करावे आणि इथे त्याच्या आधीची व नंतरची कामे करावीत: एक-दोन मायक्रॉनची साधी लिथोग्राफी, पातळ थर चढवणे, ऑक्सिडेशनची भट्टी, संवेदकांचे मोजमाप आणि त्यांना डबीत बसवणे. त्याला आयएसओ ५ची २५ चौरस मीटर खोली पुरते, सिलेन आणि आर्सिन टाळता येतात, आणि शंभर किलोवॉटचा आकडाही खाली येऊ शकतो. विदर्भाला लागणारे संवेदक, कापसाच्या शेतातला मातीचा ओलावा मोजणारे, कोळसा खाणीतला मिथेन ओळखणारे, एक-दोन मायक्रॉनच्या रेघांनीच होतात.

आराखड्यावर एक रुपया घालवण्याआधी निवडलेल्या इमारतीत वर्षभर तीन साधी उपकरणे ठेवावीत: तापमान-आर्द्रता नोंदवणारे, कण मोजणारे आणि कंपन मोजणारे. मे महिन्याची वावटळ, जुलैची ओल, दिवाळीचा धूर, ऑक्टोबरात आक्रसणारी माती हे सगळे त्या नोंदींत येईल. त्याच वर्षात दोन तंत्रज्ञांना पवईला पाठवून क्लीनरूम चालवायला शिकवावे आणि ते परत आले की त्यांनाच कंत्राटदारासमोर बसवावे, कारण पुढची वीस वर्षे त्या गल्लीत उभे राहून पंप बदलणारे तेच असतील.